आकाशातील पाखरे आणि विमानाची काच

रामायणातील जटायूचा प्रसंग आपल्या घराघरांत आबालवृद्धांना ठाऊक आहे. सीतेला घेऊन आकाशमार्गाने निघालेल्या रावणाला त्या वृद्ध पक्षिराजाने अडविले, त्याचा रथ मोडला आणि अखेर पंख छाटले जाऊन तो भूमीवर कोसळला. जटायूने ते जाणूनबुजून केले होते. अधर्माशी त्याचे ते युद्ध होते. आजच्या आकाशात पक्षी आणि विमान यांची जी गाठ पडते, तीत मात्र कोणाचे कोणाशी वैर नसते. भक्ष्याच्या शोधात संथ गिरक्या घेणारी घार आणि कर्तव्यावर निघालेला तरुण वैमानिक एकाच क्षणी एकाच बिंदूवर येतात आणि डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी जे घडावयाचे ते घडून जाते. पक्षी तर जातोच. पण कधी कधी त्याच्यासवे कोट्यवधी रुपयांचे विमान आणि त्याहून अमोल असा कोणा आईबापांचा मुलगाही जातो.

कौटुंबिक मासिकात हा विषय कशाला, असा प्रश्न एखाद्या वाचकभगिनीला पडेल. त्याचे उत्तर आपल्या पत्त्यांतच आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली आपली मंडळी ज्या गावांतून राहतात, त्यांतील पुष्कळ गावे लष्करी विमानतळांच्या शेजारची आहेत. ग्वाल्हेरकरांना महाराजपूरचा तळ परिचयाचा, बडोदेकरांना मकरपुऱ्याचा. हैदराबादच्या एका अंगाला दुंडिगल आणि दुसऱ्या अंगाला हकीमपेठ, बीदरला लढाऊ वैमानिकांचे शिक्षण, बेळगावला सांबरा, आणि गोव्यात दाबोळीला नौदलाचा ‘हंसा’ हा तळ. विमान गडगडत डोक्यावरून गेले की आपली मुले अंगणात धावतात आणि ते दिसेनासे होईपर्यंत माना उंच करून पाहतात. त्या विमानाच्या काचेचा आणि आपल्या गल्लीच्या टोकाशी साचलेल्या उकिरड्याचा जवळचा संबंध आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

विमानाइतकेच जुने दुखणे

पक्ष्याची आणि विमानाची टक्कर ही काही जेट युगाची निर्मिती नव्हे. राइट बंधूंनी १९०३ मध्ये पहिले उड्डाण केले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, ७ सप्टेंबर १९०५ रोजी, ऑर्व्हिल राइट एका मक्याच्या शेतावरून घिरट्या घालीत असता त्याच्या विमानाने पक्ष्यांच्या थव्यातील एक पक्षी मारला. तो पंखावर पडला आणि विमानाने वळण घेताच खाली घसरला. या घटनेची नोंद राइट बंधूंच्या रोजनिशीत आहे. पुढे अमेरिका खंड विमानाने प्रथम ओलांडणारा कॅल रॉजर्स हा ३ एप्रिल १९१२ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे समुद्रात कोसळून मरण पावला. एक समुद्रपक्षी विमानाच्या नियंत्रणयंत्रणेत अडकल्यामुळे हा अपघात घडला असे सांगतात. पक्ष्यामुळे घडलेला हा पहिला प्राणघातक अपघात समजला जातो.

त्या काळातील विमानांचा वेग आजच्या मोटारीइतका होता. पक्ष्यांना बाजूला होण्यास अवधी मिळे आणि टक्कर झालीच तर आघातही बेताचा असे. विमानांचा वेग वाढला तसे या जुन्या दुखण्याने उग्र रूप धारण केले.

गणिताचा एक धडा

शाळामास्तरांची सवय म्हणा, पण येथे थोडे गणित मांडल्यावाचून आमच्याने राहवत नाही. गतिमान वस्तूच्या अंगी असलेली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते; परंतु वेगाच्या मात्र ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, वेग तिप्पट झाला की नऊपट. आता १.८ किलो, म्हणजे सुमारे चार पौंड वजनाचा पक्षी घ्या. मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तो काचेवर आदळला, तर काच तडकेल, फार तर फुटेल. तोच पक्षी ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानासमोर आला, तर वेग १५ पट झाला, म्हणून आघाताची ऊर्जा २२५ पट होते. ती किती मोठी याची कल्पना यावी म्हणून सांगतो: १,००० किलो वजनाची मोटार ताशी ३८ किलोमीटर वेगाने भिंतीवर जाऊन आदळावी, एवढी ती असते. मोटारीचा तो धक्का भिंतीवर पसरतो. पक्ष्याचा मात्र वीतभर रुंदीच्या काचेवर आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात बसतो.

पक्ष्याचे अंग तर मऊ, पिसे हलकी, हाडे पोकळ. मग ते एवढे कठीण कसे ठरते, अशी शंका विद्यार्थी हमखास काढतात. शंका रास्त आहे. पाण्यात हळूच हात घातला तर पाणी वाट देते. पण उंचावरून पोटावर पडणाऱ्या पोरास तेच पाणी फरशीसारखे लागते. अतिवेगात पक्ष्याचे शरीर एखाद्या द्रवाप्रमाणे वागते, हे शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी पाहिले आहे. मऊपणाचा लाभ मिळण्यास वेळ लागतो आणि तो वेळच तेथे नसतो.

वेळेचाही हिशेब करू. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. अर्ध्या किलोमीटरवर असलेली घार वैमानिकाच्या नजरेस पडली, तर त्याच्या हाती दोन सेकंद उरतात. ठिपका दिसणे, तो पक्षी आहे हे कळणे, हाताने दांडा वळविणे आणि विमानाने त्या वळणाला प्रतिसाद देणे, हे सर्व त्या दोन सेकंदांत बसवावयाचे!

लढाऊ विमानांनाच अधिक धोका का?

प्रवासी विमानांनाही पक्षी धडकतात. ४ ऑक्टोबर १९६० रोजी बॉस्टन येथे एक प्रवासी विमान उड्डाण करताच स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यात सापडले. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्यांचे हे भाऊबंद. एकेकटा मुठीत मावेल एवढा. परंतु थव्याने इंजिने बंद पाडली आणि ६२ माणसे मृत्युमुखी पडली. तथापि प्रवासी विमान पक्ष्यांच्या थरातून जाते ते केवळ चढताना आणि उतरताना, आणि त्या वेळी त्याचा वेगही मर्यादित असतो. पक्ष्यांशी होणाऱ्या बहुतेक टकरा जमिनीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या आतच होतात. त्यापलीकडे गेले की आकाश बरेचसे मोकळे असते.

लढाऊ विमानाचे जिणे नेमके उलटे. शत्रूच्या रडारची नजर चुकविण्यासाठी त्याला झाडाडोंगरांना बिलगून, कधी शेदीडशे मीटर उंचीवरून आणि तेही पूर्ण वेगाने जावे लागते. युद्धप्रसंगी हे साधावे म्हणून शांततेच्या काळात त्याचा सराव करावा लागतो. म्हणजे जेथे पक्षी सर्वांत दाट तेथेच विमानाचा वेग सर्वांत अधिक. शिवाय अनेक लढाऊ विमानांना इंजिन एकच असते. आणि वैमानिकाला चहूबाजूंनी दिसावे म्हणून त्याच्या समोर व डोक्यावर धातूऐवजी पारदर्शक पडदा असतो. समोरची ती काच आणि डोक्यावरचे ते पारदर्शक छत, ज्याला विमानदलात ‘कॅनोपी’ म्हणतात, हेच या लढाईतील नाजूक ठिकाण होय.

३१ ऑक्टोबर १९६४ रोजी अमेरिकेतील ह्यूस्टनजवळ थिओडोर फ्रीमन हा अंतराळवीर टी-३८ जातीचे प्रशिक्षण विमान चालवीत होता. विमानतळावर उतरण्याच्या सुमारास एक पांढरा रानहंस त्याच्या कॅनोपीवर आदळला. कॅनोपीच्या ठिकऱ्या उडाल्या आणि त्या तुकड्यांना विमानाच्या दोन्ही इंजिनांनी आत ओढून घेतले. इंजिने बंद पडली. फ्रीमनने आसनासह स्वतःला बाहेर फेकविले. परंतु हवाई छत्री उघडण्याइतकी उंची उरली नव्हती. चंद्रावर जाण्याची उमेद बाळगणाऱ्या त्या पथकातील हा पहिला मृत्यू. आणि तो अंतराळात घडला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. काच फुटली म्हणजे केवळ वारा आत येतो असे नव्हे. तिचे तुकडे वैमानिकाच्या डोळ्यांत जातात, इंजिनात जातात. ताशी शेकडो मैलांचा झोत तोंडावर आपटतो. आवाजाने कानठळ्या बसून रेडिओवरचे शब्द ऐकू येईनासे होतात. म्हणूनच शिरस्त्राणावरची पारदर्शक झापड खाली ओढून उडावे, ही वैमानिकांना दिलेली शिस्त आहे. कित्येकांची दृष्टी तिनेच राखली आहे.

काचेची कसोटी

आता ही काच कशाची करावी? साधी काच कठीण खरी, पण ठिसूळ. म्हणून काचेच्या दोन-तीन पात्यांमध्ये लवचीक प्लॅस्टिकचा थर घालून त्या एकजीव करतात. फुटली तरी ती त्या थराला धरून राहते. यातली एक गंमत अशी की, हा मधला थर थंडीने कडक होतो आणि कडक झाला की आघात सोसत नाही. काचेवर बर्फ धरू नये म्हणून तिला विजेने ऊब देतात; त्याच उबेने ती पक्ष्याच्या आघातापुढेही अधिक चिवट राहते.

पुढे ॲक्रिलिक हे पारदर्शक प्लॅस्टिक आले. ते हलके, हवा तसा बाक घेणारे आणि आरपार स्वच्छ. बहुतेक कॅनोप्या त्याच्याच. पण जबर आघाताने त्याचेही तुकडे होतात. त्याहून चिवट ते पॉलिकार्बोनेट. ते फुटण्याऐवजी वाकते आणि पुन्हा पूर्ववत होते. अमेरिकेच्या एफ-१६ या विमानाची बुडबुड्यासारखी अखंड कॅनोपी याच पदार्थाची आहे. परंतु त्यालाही खोड आहेच. आघात होताच त्या छतावर लाट उठावी तसा बाक येतो आणि तो आतून वैमानिकाच्या शिरस्त्राणाला किंवा त्याच्यासमोरील दर्शक-काचेला लागू शकतो. शिवाय पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर उठतात आणि चुकीच्या द्रवाने पुसले तर बारीक भेगांचे जाळे धरते. म्हणून त्यावर दुसऱ्या पदार्थाचा पातळ थर चढवितात. तळावर मऊ फडके घेऊन काच निगुतीने पुसत बसलेला तंत्रज्ञ दिसला, तर त्याचे काम किरकोळ समजू नये; एकेका ओरखड्याने काचेचे बळ घटत असते.

सर्वांत कठीण पेच पुढेच आहे. कॅनोपी इतकी भक्कम हवी की पक्षी आत येऊ नये. आणि तीच कॅनोपी संकटसमयी क्षणार्धात दूर व्हावी लागते, कारण वैमानिकाला आसनासह तिच्यातूनच बाहेर पडावयाचे असते. काही विमानांत ती समूळ उडवून देतात. काहींत तिच्यावर स्फोटक दोरी चिकटविलेली असते आणि ती पेटताच छताचे तुकडे होतात. बीदरकरांनी ‘हॉक’ विमान जवळून पाहिले असेल, तर त्याच्या पारदर्शक छतावरची नागमोडी रेघ त्यांना आठवेल. ती नक्षी नसून हीच दोरी होय. कुलूप असे हवे की चोराला उघडू नये आणि घरच्याला किल्लीही शोधावी लागू नये, असा हा पेच.

या साऱ्याची परीक्षा घेण्याची रीतही विलक्षण आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या तोफेतून मेलेली कोंबडी नव्या काचेवर डागतात आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने आघाताचे चित्रण करतात. अमेरिकेत असे प्रयोग १९४२ पासून सुरू झाले आणि टेनेसी राज्यातील विमानदलाच्या आर्नल्ड केंद्रात १९७० च्या दशकापासून लष्करी विमानांच्या काचा अशा रीतीने तपासल्या जाऊ लागल्या. प्रवासी विमानांच्या समोरच्या काचेने चार पौंडांचा पक्षी विमानाच्या नेहमीच्या वेगात आत येऊ देता कामा नये, असा दंडक आहे. अलीकडे कोंबडीच्या जागी जिलेटिनचा कृत्रिम पक्षीही वापरतात.

तरीही निसर्ग दंडक पाळीत नाही. पेलिकन किंवा गिधाड चार पौंडांवर थांबत नाही. त्याचे वजन पाच किलो, कधी त्याहून अधिक भरते. २९ सप्टेंबर १९७७ रोजी ऑस्ट्रेलियाच्या विमानदलाचे एफ-१११ विमान ईव्हान्स हेड येथील सरावक्षेत्रावर पेलिकनांना धडकून कोसळले आणि दोघेही वैमानिक ठार झाले. त्यानंतर त्या विमानांच्या काचा अधिक मजबूत करण्यात आल्या. प्रत्येक सुधारणेमागे अशी एखादी किंमत मोजलेली असते.

पिसांची साक्ष

काच किती जाड करावी, याला वजनाची मर्यादा आहे. म्हणून शहाण्यांनी दुसरा मार्ग शोधला. पक्षी कोठे आणि केव्हा असतो, हेच आधी जाणून घ्यावे. या बाबतीत इस्रायलचे उदाहरण बोधप्रद आहे. तीन खंडांच्या सांध्यावर असलेल्या या चिमुकल्या देशावरून वर्षातून दोनदा सुमारे ५० कोटी पक्षी स्थलांतर करतात. गरुड, करकोचे यांसारखे मोठे पक्षी तापलेल्या भूमीवरून वर चढणाऱ्या हवेवर तरंगत जातात. समुद्रावर अशी हवा मिळत नाही, म्हणून तो टाळून ते या चिंचोळ्या भूमीवरूनच जातात.

मे १९८३ मध्ये तेथील एका स्कायहॉक विमानाला मोहोळ घारीच्या जातकुळीतला एक पक्षी धडकला. तो कॅनोपी फोडून आत शिरला आणि त्या आघाताने आसन बाहेर फेकणारी मूठच ओढली गेली. काय झाले हे कळण्यापूर्वी वैमानिक विमानाबाहेर होता! त्याच्या मानेला गंभीर इजा झाली, पण तो वाचला. घडले काय, याची साक्ष पिसांनी दिली. तेल अवीव विद्यापीठातील पक्षितज्ज्ञ योसी लेशेम यांनी हा विषय अभ्यासाला घेतला. इंजिन लावलेल्या ग्लायडरमध्ये बसून ते थव्यांच्या बरोबरीने उडाले. रडार आणि भूमीवरचे निरीक्षक यांची जोड त्यांनी घेतली. थवे ठराविक तिथींना, ठराविक वाटांनी आणि ठराविक उंचीवरून जातात, असे दिसून आले. त्यावरून नकाशे तयार झाले आणि त्या काळात त्या वाटांवर खालून उडण्यास विमानदलाने बंदी केली. परिणामी टकरांचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले. यासाठी एकही पक्षी मारावा लागला नाही, हे विशेष होय.

आपल्याकडील चित्र

आपल्या देशातील चित्र थोडे वेगळे आहे. येथे संकट दुरून येणाऱ्या थव्यांपेक्षा घरच्या पक्ष्यांचे अधिक. घार, गिधाड, पारवा, गायबगळा आणि टिटवी हे आपले नित्याचे शेजारी. डॉ. सालिम अली ज्या संस्थेचे आधारस्तंभ होते, त्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या दशकात देशातील अनेक विमानतळांचा या दृष्टीने अभ्यास केला. पक्षी विमानतळावर विमानांसाठी येत नाहीत, अन्नासाठी येतात. कत्तलखान्याबाहेर टाकलेली आतडी, उघड्यावर पडलेली मेलेली गुरे आणि शहराचा कचरा यांवर घारी-गिधाडे जगतात. पावसाळ्यात धावपट्टीलगतच्या गवतात किडे व गांडुळे वाढली की टिटव्या आणि बगळे जमतात. म्हणून त्या गवताची उंचीदेखील ठरवून राखावी लागते. ऊन चढले की घारी तापलेल्या हवेवर स्वार होऊन वर जातात, आणि नेमक्या विमानांच्या वाटेवर येतात.

गिधाडांची कथा तर चटका लावणारी आहे. एके काळी वैमानिकांना त्यांचेच सर्वाधिक भय वाटे. पुढे गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेले आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहूनही अधिक घटली. कारण उलगडले २००४ मध्ये. गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली २००६ मध्ये. आकाश गिधाडांवाचून रिते झाले, परंतु विमाने निर्धास्त झाली नाहीत. घाण होती तेथेच राहिली आणि तिच्यावर घारी, कावळे व भटकी कुत्री पोसली जाऊ लागली.

२७ जून २०१९ रोजी अंबाला येथून उडालेल्या ‘जग्वार’ विमानाला पक्ष्यांची धडक बसली आणि एक इंजिन निकामी झाले. तरुण वैमानिकाने इंधनाच्या जादा टाक्या व सरावाचे बाँब खाली सोडून विमान हलके केले आणि एका इंजिनावर ते सुखरूप उतरविले. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला दाबोळीहून उडालेले नौदलाचे ‘मिग-२९ के’ जातीचे प्रशिक्षण विमान पक्ष्यांच्या थव्यात सापडले. एक इंजिन बंद पडले, दुसऱ्याने पेट घेतला. वैमानिकांनी विमानाचे तोंड वस्तीपासून दूर वळविले आणि मगच ते बाहेर पडले. विमान वेर्ण्याच्या खडकाळ पठारावर कोसळले. भूमीवर कोणासही इजा झाली नाही. त्या काही क्षणांत स्वतःच्या जिवाआधी खालच्या घरांचा विचार करणारे ते दोघे वैमानिक आपले कोण होते? नात्याचे नव्हेत, गोत्याचे नव्हेत. पण त्यांनी शेजारधर्म पाळला.

आपल्या हातातले

त्या शेजारधर्माची परतफेड आपल्याला करता येण्याजोगी आहे. १९३७ च्या विमान नियमावलीतील ९१ व्या नियमाने विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापणे, सोलणे आणि पक्ष्यांना आकर्षित करील असा कचरा टाकणे यांस मनाई केली. नियम कागदावर राहण्यास काय लागते? प्रत्येक गल्लीत पोलीस उभा करता येत नाही. जे पाळावयाचे ते नागरिकांनीच पाळावे लागते.

यासाठी फार मोठे काही करावयाचे नाही. उरलेसुरले अन्न आणि मासळी-मटणाचा केर उघड्यावर न फेकता झाकलेल्या डब्यात टाकावा. मांसविक्रेत्याने दुकानाचा कचरा नाल्याकाठी लोटला, तर त्यास समजवावे. नगरपालिकेस लेखी कळवावे. कचऱ्याची गाडी वेळेवर येत नसेल तर पाठपुरावा करावा. गुरे मेली तर ती माळावर न टाकता पुरावीत. पुण्य म्हणून घारींना मांसाचे तुकडे उडविण्याची चाल काही ठिकाणी आहे. विमानतळाच्या परिसरात तरी ती सोडावी. पितृपक्षातल्या काकबळीला आमचा आक्षेप नाही. एक पान वाढावे, कावळ्याने स्पर्श केला की उरलेले उचलून घ्यावे. रस्त्यावर अन्नाचे ढीग साचू देऊ नयेत, एवढेच मागणे. आणि शिक्षकबंधूंनी गतिजन्य ऊर्जेचा धडा शिकविताना पुस्तकातल्या चेंडूबरोबर ही घार आणि हे विमानही फळ्यावर काढावे. मुलांना तो धडा जन्मभर विसरणार नाही.

पक्ष्यांचा राग मात्र कोणी धरू नये. मनुष्याने आकाशात पाऊल ठेवण्यापूर्वी लक्षावधी वर्षे ते तेथले रहिवासी आहेत. आपण तेथे नवखे. त्यांना नियमावली वाचता येत नाही, आपल्याला येते. यापुढे एखादे लढाऊ विमान छपरावरून गडगडत गेले आणि अंगणातील पोरे हात हलवू लागली, तर वडील माणसांनी घटकाभर गल्लीच्या टोकाकडे नजर टाकावी. तेथे घारी घिरट्या घालीत असतील, तर त्या कशावर घालीत आहेत ते पाहून यावे आणि त्याच दिवशी त्याची व्यवस्था लावावी.